चाउशेठचा कलर

मकाउच्या जुगारघरांत एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. खेळायला बसलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा नाही. त्याचं नशीब तिथे बसलेलं असतं, हात लागला की उडून जातं. बायको नवऱ्याला जेवायला बोलवायला आली तरी समोर येऊन उभी राहते, खाकरते, डोळे वटारते, पण खांद्याला बोट लावत नाही. आणि माक साहेब! पोकरच्या खोलीवर देखरेख करण्यात ज्यांचे केस पांढरे झाले, ते माक साहेब! त्यांना हे माहीत नव्हतं असं कुणी सांगितलं तर त्याच्या तोंडात मारावीशी वाटेल. माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण इयोंग सुत-लिन त्यांच्या लेखी खेळणारी नव्हतीच. नोकर होती. नोकराला कसलं नशीब आणि कसला खांदा!

असो. आधी सुत-लिन कोण ते सांगायला हवं.

सुत-लिन त्या खोलीत पत्ते वाटायची. वीस वर्षं. करडं जाकीट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हात असे चपळ की पत्ता सुटलेला दिसायचा नाही, पोचलेला दिसायचा. बरोबरच्या बायका तिला लिन-जे म्हणत, म्हणजे लिनताई. लग्न केलं नाही, आईचं सगळं केलं, आई गेली, आता घरात ती आणि एक जुना रेडिओ. तोंडाने फटकळ, पण कामावर असताना ते फटकळ तोंड शिवलेलं. डीलरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याने, बोलायचं ते एवढंच: कुणाची पाळी, कुणी किती लावले, कोण जिंकलं. बाकी समोरचा हरला की डीलरच्या आईबापाचा उद्धार करो, पत्ते तोंडावर फेकून मारो, आपण हसून पुढचा डाव वाटायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आणि पाळी संपायची ती अशी. दुसरा डीलर मागून येऊन खांद्यावर हलकेच टिचकी मारतो. मारली की हातातलं जे असेल ते पुढे सरकवायचं, तळवे एकमेकांवर घासायचे, छतातल्या कॅमेऱ्याला उलटेपालटे करून दाखवायचे, की बाबा रे, काही चोरलं नाही, आणि उठायचं. ही खूण सुत-लिनच्या अंगात इतकी भिनली होती की बसमध्ये कुणाचा कोपर खांद्याला लागला तरी तिचे तळवे उताणे व्हायचे. शेजारची पुई हसून लोटपोट व्हायची. "लिन-जे, बसमध्ये कॅमेरा नाहीये गं!"

पुई म्हणजे तिच्याच बरोबरची डीलर, तिची मैत्रीण. पुईवर सुत-लिनचा राग होता, पण तो नंतर.

आता चाउशेठ. चाउ काम-तोंग. सुक्या मासळीचा घाऊक धंदा, बंदराजवळ तीन दुकानं. अंगाला कितीही अत्तर फासलं तरी मागून सुकटीचा वास यायचाच. रोज दुपारी जेवण झालं की हा माणूस पोकरच्या खोलीत हजर, पाच नंबरच्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून. खेळायला बरा नव्हता. पण त्याला खेळायची गरजच नव्हती, त्याच्याकडे एक युक्ती होती.

पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते लपवलेले. मधोमध पाच पत्ते, ते सगळ्यांचे. सगळ्यांत चांगली पाचांची जुळणी ज्याची, त्याची मधली रास. पाचही पत्ते एका रंगाचे जमले की कलर, आणि कलर म्हणजे भारी जुळणी. तर चाउशेठ काय करायचा, समोर कुणी नवखा बसला की हातात काही नसताना भरमसाट पैसे लावायचा. नवख्याने बिचाऱ्याने धीर करून तेवढेच लावले, की पत्ते उघडे करायच्या आधीच हा टेबलावर थाप मारून ओरडायचा, "कलर!" नवखा घाबरायचा. हरलो म्हणून हातातले पत्ते पालथेच फेकून द्यायचा. आणि एकदा पत्ते टाकलेल्यांच्या ढिगात गेले की ते बाद. मग चाउशेठ रास ओढून घ्यायचा, स्वतःचे पत्ते न दाखवताच. तोंडाने काय वाटेल ते बोलावं, ते धरत नाहीत. पत्तेच काय ते बोलतात. आणि पत्ते तर कुणी बघितलेच नाहीत!

शेवटी ज्याने पैसे लावले त्याने आधी दाखवायचं, असा नियम आहे. पण नवख्याला कुठला माहीत असायला? आणि ज्याला ज्याला त्या डावात पत्ते मिळाले त्याला शेवटी मागून बघायचाही हक्क असतो. पण नेहमीचे लोक म्हणायचे, मरो, आपल्याला काय करायचंय, रोजचा माणूस आहे. राहता राहिला डीलर. त्याला सगळं दिसतं आणि त्याला कसलाच हक्क नसतो.

सुत-लिनने हे किती वेळा बघितलं असेल त्याची गणती नाही. घरी येऊन रेडिओला शिव्या द्यायची. मग गेल्या शरदात एक नर्स आली. चीनच्या आतल्या प्रांतातून सुट्टीला आलेली, पोकरला पहिल्यांदाच बसलेली, दर पत्त्याला छातीवर हात ठेवणारी. चाउशेठने तिच्यासमोर टेबलावर थाप मारली, "कलर!" नर्सचा चेहरा पडला. तिने पत्ते उचलले, फेकणार, तेवढ्यात सुत-लिनच्या तोंडून निघून गेलं, "थांबा बाई. बघितल्याशिवाय टाकू नका."

एवढंच. एवढंच बोलली ती.

नर्स थांबली. चाउशेठला पत्ते दाखवावे लागले. हातात ठणठणगोपाळ. रास नर्सला गेली, आणि चाउशेठने खोली डोक्यावर घेतली. "डीलर गिऱ्हाइकाला शिकवते! मी इथे वर्षानुवर्षं येतोय आणि ही बया माझ्याविरुद्ध खेळते! एक तर ही राहील नाहीतर मी!"

माक साहेब धावत आले. आता माक साहेबांनी काय करावं? खोटं बोललं कोण? चाउशेठ. पण माक साहेब वाकून वाकून चाउशेठची माफी मागतायत. चोर तो चोर, वर शिरजोर! डीलरने सल्ला द्यायचा नाही हा नियम आहे, मान्य. पण लावणाऱ्याने आधी दाखवायचं हाही नियमच होता ना? तो कुठे गेला? तो सुकटीच्या वासाने बेशुद्ध पडला होता बहुतेक.

शेवटी ठरलं की सुत-लिनने चहा ओतायचा. चहा ओतून चूक कबूल करायची, ही तिकडची जुनी रीत. सून चुकली की सासूला ओतते, चेला चुकला की गुरूला. दोन्ही हातांनी कप पुढे करायचा, मान खाली, "माझं चुकलं." समोरच्याने घोट घेतला की मिटलं. माक साहेबांनी कोपऱ्यातल्या टेबलावर किटली मांडली, आणि पाळी नसलेल्या सगळ्या डीलरना बघायला उभं केलं, म्हणजे धडा मिळेल.

सुत-लिनने दोन्ही हातांनी कप पुढे धरला. म्हणाली, "माझं चुकलं, शेठ."

चाउशेठ फोनवर बोलत होता. कुठल्या तरी बोटीतून यायच्या मालाबद्दल. तो बोलतच राहिला. सुत-लिन कप धरून उभी. हात भरून आले, मग थरथरायला लागले, चहा बशीत सांडला. मग त्याने फोन ठेवला, कपात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाला, "गार झाला. दुसरा आण."

आणि तिने आणला. नोकरी होती. दुसऱ्यातला एक घोट घेऊन त्याने चूळ भरल्यासारखं तोंड केलं आणि निघून गेला. एवढ्या बायका उभ्या होत्या, पण एकीच्या तोंडून शब्द नाही. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर पत्ते वाटणारी पुई, जिने सगळा डाव डोळ्यांनी बघितला होता, तीही मूग गिळून बुटांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून सुत-लिनने घरातलं चहाचं भांडं फडताळात पार मागे ढकललं. कुणी आलं तर गरम पाणी. पुई आली तर तेही नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, चाउशेठ खोटा आहे हे उघडं पडायला हवं होतं, आणि माक साहेबांनी ते बघायला हवं होतं. पण डीलरच्या खुर्चीत बसून ते होणं नव्हतं. आणि दुसऱ्या खुर्चीत बसायची सोय नव्हती, कारण तिकडचा कायदाच असा आहे की जुगारघरात काम करणाऱ्याने कामाशिवाय जुगारघरात पाऊल टाकायचं नाही. अपवाद फक्त एक. चिनी नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस.

म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, लाल स्वेटर घालून, केस मोकळे सोडून सुत-लिन त्या खोलीत शिरली ती गिऱ्हाईक म्हणून. दारात संत्र्यांची झाडं, छताला लाल कंदील. वर्षभर बाजूला काढलेल्या सगळ्या पैशांच्या तिने खेळायच्या चकत्या घेतल्या आणि पाच नंबरवर जाऊन चाउशेठच्या बरोबर समोर बसली. पत्ते वाटायला नेमकी पुई होती. दोघींची नजरानजर झाली. पुईने मान खाली घातली.

"अरे वा!" चाउशेठ म्हणाला. "आज मालकीणबाई आल्यात! काय गं, आज चहा नाही आणलास?"

"आज मला आणून देतील, शेठ. आज मी गिऱ्हाईक आहे," सुत-लिन म्हणाली.

"केस सोडल्याने कुणी गिऱ्हाईक होत नाही."

"आणि अत्तर लावल्याने वास जात नाही."

टेबलावरचे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसली लेओंग आजी. ही सत्तरी उलटलेली म्हातारी जन्मभर फटाक्यांच्या कारखान्यात राबली होती, एका कानाने कमी ऐकायची, आणि थोडक्या चकत्यांवर दिवसभर डुलक्या काढत खेळायची. तिने पिशवीतून, सणाला पोराबाळांना पैसे घालून देतात तसलं, लाल पाकीट काढून सुत-लिनच्या हातात कोंबलं. "लग्न नाही ना झालं अजून? मग घे! लग्न न झालेल्याला वय नसतं."

"आजी, माझे केस पिकलेत."

"पिकू देत. पाकीट पिकलंय का? घे गुपचूप."

बराच वेळ सुत-लिन पत्ते टाकतच राहिली. तिला घाई नव्हती. चाउशेठ टोमणे मारत होता, पुई मान वर न करता वाटत होती, आजी घोरत होती आणि आपली पाळी आली की न चुकता जागी होत होती. मग एकदा सुत-लिनने पत्त्यांची कड उचलून बघितली. बदाम राणी, चौकट राणी.

आजीने आपले पत्ते बघून नाक मुरडलं आणि टाकले. एकेक करत सगळे गळाले. राहिले दोघे. मधल्या पत्त्यांत इस्पिक राणी आली, म्हणजे तिच्या तीन राण्या झाल्या. मग इस्पिक नव्वी, बदाम चौरी, किलवर दुर्री. शेवटी इस्पिक सत्ती पडली. मधे तीन इस्पिकं झाली, आता कुणाच्या हातात आणखी दोन इस्पिकं असतील तरच कलर. तिच्या राण्यांना हरवणारं दुसरं काहीही नव्हतं.

चाउशेठने दोन्ही हातांनी आपल्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. "सगळे!"

सुत-लिनने त्याच्याकडे बघितलं. त्याचं डावं कानशील लाल झालं होतं. खोटं लावताना ते लाल व्हायचं. वीस वर्षं ती त्या कानशिलासमोर बसून पत्ते वाटत होती, दुसरं करायला काय होतं तिला! तिने आपल्या सगळ्या चकत्या पुढे केल्या. "माझेही."

थाप पडली. "कलर!"

सुत-लिनचे दोन पत्ते तिच्यासमोर पालथे, तिने त्यांना हातही लावला नाही. शरदापासून ज्या शब्दाची वाट बघितली तो तिने आता अगदी सावकाश उच्चारला.

"दाखवा."

"सांगितलं ना, कलर आहे!"

"ऐकलं. दाखवा. शेवटी तुम्ही लावलेत, आधी तुम्ही दाखवायचं."

"मला नियम शिकवतेस? तू? तुझी लायकी काय?"

"लायकी नंतर बघू. आधी पत्ते बघू."

त्याचं दुसरंही कानशील लाल झालं. तो खुर्चीतल्या खुर्चीत वळून ओरडला, "माक! ए माक! तुमची ही बाई मला सणासुदीच्या दिवशी त्रास देते! हिला आवरा!"

आणि माक साहेब आले. तुरुतुरु आले. सुत-लिनच्या मागून आले. त्यांनी पुढे येऊन उभं राहावं की नाही? "बाईसाहेब, काय झालं?" असं विचारावं की नाही? टेबलावरच्या दुसऱ्या कुणाशीही ते तसंच वागले असते. पण ही त्यांची सुत-लिन. त्यांनी मागून तिच्या खांद्यावर दोन बोटांनी टिचकी मारली. "लिन-जे, अगं—"

आणि घात झाला! सुत-लिनचं डोकं समोरच्या लाल कानशिलात होतं, पण हातांना डोकं लागत नव्हतं. हातांनी समोरचे दोन पत्ते उचलले, पुढे सरकवले, टाकलेल्यांच्या ढिगाला टेकवले. तळवे एकमेकांवर घासले. छताकडे उलटे केले, पालटे केले. आणि ती अर्धी उठून उभी राहिली सुद्धा. मग तिला कळलं आपण काय केलं ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तेही इतकं शब्दशः कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

"टाकले!" चाउशेठ आनंदाने किंचाळला. "पत्ते टाकले हिने! सगळ्यांनी बघितलं!"

"मी टाकले नाहीत!" सुत-लिनचा आवाज फाटला. "माक साहेब, तुम्ही टिचकी मारलीत! पाळी बदलायची टिचकी! मला वाटलं, हातांना वाटलं..."

पुई तशीच बसली होती. तिने ते दोन पत्ते ओढून घेतले नव्हते. ती पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "साहेब, मी उचललेले नाहीत अजून. हे बघा, वेगळे दिसतायत. हे दोन तिचेच आहेत. परत देता येतील."

"तुला कुणी विचारलं?" माक साहेब तिच्यावर खेकसले. मग त्यांनी चाउशेठकडे बघितलं, सुत-लिनकडे बघितलं. तोलायला कितीसा वेळ लागणार? एका पारड्यात तीन दुकानं, दुसऱ्यात लाल स्वेटर. "पत्ते ढिगाला लागले. नियम म्हणजे नियम. हे पत्ते मेले. रास चाउशेठची."

"थू थू थू!" आजी खडबडून जागी झाली. "सणाच्या दिवशी मेले म्हणतोस? जीभ झडेल ना!"

"आजी, तसं नाही..."

"कसं नाही? माझा एक कान गेलाय, डोळे दोन्ही आहेत! तू या पोरीच्या खांद्याला हात लावलास. खेळणाऱ्याच्या! भरल्या डावात! माझ्या खांद्याला लावशील? ह्या टॅक्सीवाल्याच्या लावशील? ह्याच्या?" तिने चाउशेठकडे बोट केलं. "ह्याच्या लावून दाखव बरं. लाव ना! हात मोडून ठेवील तुझा!"

टेबलावर कुजबुज सुरू झाली. टॅक्सीवाल्याने नकळत आपला खांदा झटकला. कडेला बसलेल्या दोघा भावांनी खुर्च्या मागे घेतल्या. खांद्याला हात ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, तेही वर्षाच्या दुसऱ्या दिवशी.

"चूक झाली असेल," माक साहेब पुटपुटले, "पण निकाल दिला. नियम आहे."

"हो ना, नियम आहे," आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मग मलाही एक नियम माहीत आहे हो. या डावात मला पत्ते मिळाले होते. भिकार होते, टाकले, पण मिळाले होते. मला ह्याचे पत्ते बघायचेत. दाखव रे, सुकटवाल्या."

चाउशेठ हसायला गेला. "काय आजी, कशाला उगाच..."

"दाखव."

"डाव संपला, रास माझी झाली."

"रास तुझी. ती घाल तुझ्या खिशात. पत्ते दाखव."

टॅक्सीवाला म्हणाला, "मलाही बघायचेत." मग दोघे भाऊ म्हणाले. सगळ्यांचं तोंड एकदम उघडलं. माक साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, पण आताच 'नियम म्हणजे नियम' म्हणून बसले होते, गिळणार कुठे? पुईने वाट बघितली नाही. तिने हात लांब करून चाउशेठचे दोन पत्ते उताणे केले आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले, "बदाम राजा. किलवर दश्शी. काही नाही."

मग तिने सुत-लिनचे दोन पत्तेही उलटले. त्याची गरज नव्हती, ते बाद झालेले. तरी उलटले. "तीन राण्या."

सुत-लिन उभीच होती. ती माक साहेबांना म्हणाली, "शरदात मी काय बोलले होते? बघितल्याशिवाय टाकू नका. एवढंच ना? त्यासाठी मला दोनदा चहा ओतायला लावलात. आता बोला. कुणाचं चुकलं होतं?"

माक साहेब गालिच्याकडे बघत राहिले. गालिच्यावर काय लिहिलं होतं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "सणाच्या दिवशी जुनं उकरू नये, लिन-जे."

शाबास! खोटं बोलायला सण चालतो, लुबाडायला चालतो, खरं बोलायचं म्हटलं की सण आडवा येतो.

"जुनं जाऊ दे," चाउशेठ चकत्या रचत म्हणाला. त्याचा चेहरा आता पुन्हा खुलला होता. "पैसे कुणाकडे आले ते बघ. पत्ते तूच टाकलेस, तुझ्याच हातांनी. चल गं पुई, वाट पुढचा डाव."

तेव्हा लेओंग आजीने आपल्या चार चकत्या पिशवीत टाकल्या, गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि सुत-लिनचा हात धरला. "चल पोरी. जिथे खांद्याला हात लावतात आणि वर सुकटीचा वास येतो, तिथे वर्ष सुरू करू नये." ती दोन नंबरच्या टेबलाकडे निघाली. टॅक्सीवाला उठला. दोघे भाऊ उठले. एकेक करत सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"वाट गं!" चाउशेठ ओरडला.

पुईने तळवे घासले, छताला दाखवले, मांडीवर ठेवले. "एकट्याला पत्ते वाटत नाहीत, शेठ."

तो मग बराच वेळ बसला होता, चकत्यांचा डोंगर पुढ्यात घेऊन, कुणी येईल म्हणून. नवीन माणूस आला की पाच नंबरकडे वळायचा आणि दोन नंबरवरून आजी हाक मारायची, "अहो, तिकडे नका बसू, तिकडे खांद्याला हात लावतात!" तेवढं पुरायचं. वर्षाच्या सुरुवातीला कोण असली जोखीम घेणार! शेवटी शेठ उठून गेला.

सुत-लिनचं सगळं गेलं होतं. दोन नंबरवर बसायला तिच्याकडे एक चकती उरली नव्हती. ती आजीच्या मागे उभी राहून थोडा वेळ बघत राहिली आणि बसने घरी गेली. रात्री तिला झोप आली नाही, हातांचाच राग येत होता, दोन्ही हात उशीखाली दाबून पडून राहिली. आणि माक साहेबांचा येत होता तो वेगळाच.

चौथ्या दिवशी पुन्हा करडं जाकीट, पुन्हा अंबाडा, पुन्हा तोंड शिवलेलं. माक साहेबांनी मुद्दामच तिला पाच नंबर दिला. दुपारी चाउशेठ आला, भिंतीकडे पाठ करून बसला, जणू काही घडलंच नाही. जित्याची खोड! सणाचे दिवस सरले होते, टेबल पुन्हा भरलं, आजीही येऊन बसली. तासाभराने समोर एक नवखा तरुण सापडला. शेठने चकत्या लोटल्या, तरुणाने घाम पुसत तेवढ्याच लावल्या. टेबलावर थाप पडली.

"कलर!"

तरुणाचा हात पत्त्यांकडे गेला. सुत-लिन समोर बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. आणि आजी डोळे मिटल्या मिटल्या म्हणाली, "दाखव."

"दाखवा," टॅक्सीवाला म्हणाला. "दाखवा, दाखवा," कडेचे म्हणाले. शेजारच्या टेबलावरूनही कुणीतरी मान वळवून ओरडलं, "दाखव रे, सुकटवाल्या!" तरुणाने आपला हात मागे घेतला.

चाउशेठने पत्ते आपटले. दोन इस्पिकं! या वेळी खरोखरच कलर होता. "बघा! बघा आता! आहे की नाही?" तो सगळ्यांकडे बघत राहिला, पण कुणी वाहवा केली नाही, कुणी माफीही मागितली नाही. आजी म्हणाली, "आहे ना? मग दाखवायला काय होतं?" आणि पुन्हा डुलकी घ्यायला लागली. सुत-लिनने रास मोजूनमापून त्याच्याकडे सरकवली. तिला म्हणायचं ते सगळं परस्पर म्हणून झालं होतं.

मागून टिचकी बसली. तिने पत्ते सरकवले, तळवे दाखवले, उठली.

कामगारांच्या जेवणघरात ती कोपऱ्यात बसली होती, तेव्हा पुई आली. तिच्या हातात कप होता. तिने तो दोन्ही हातांनी पुढे धरला, मान खाली. "लिन-जे," ती म्हणाली, "त्या दिवशी मी सगळं बघितलं होतं. बोलले नाही. माझं चुकलं."

आजूबाजूच्या बायकांनी घास थांबवले. सुत-लिनने कपाकडे बघितलं, वाफ निघत होती. पुईचे हात थरथरायच्या आत तिने कप घेतला आणि तसाच तोंडाला लावला.

"अगं आई गं!" ती ओरडली. "मेले, किती गरम आणलास! जीभ भाजली माझी!"

आणि डोळ्यांतून पाणी आलेलं असतानाच तिने दुसरा घोट घेतला.